खिलार बैलांचा पूर्णवेळ चित्रकार : सोलापुरातील एक प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, जकार्ड मागावर विणायची नक्षी आखणाऱ्या एका डिझायनरने वयाच्या ५६व्या वर्षी कारखान्यातील नोकरी सोडली आणि बैल, गाई, म्हशी व मेंढ्या यांची तैलचित्रे काढणे हाच पूर्णवेळ व्यवसाय म्हणून स्वीकारला. आज पाचव्या वर्षी त्या व्यवसायावर त्यांचे घर बऱ्यापैकी चालते. प्रकरण प्रातिनिधिक आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा वगळल्या आहेत. उतारवयात कलेकडे वळणाऱ्यांविषयी लिहिताना सगळे श्रेय चिकाटीला देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. चिकाटी येथेही होती, परंतु हा व्यवसाय उभा राहिला तो जनावर नजरेने पारखणाऱ्या गिऱ्हाइकामुळे, आणि ज्या ज्या ठिकाणी तो अडला तेथेही हेच गिऱ्हाईक आडवे आले होते, असे या प्रकरणाचा मागोवा घेताना दिसते.

चित्रकाराचे आधीचे काम समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी पूर्वी ग्राफच्या कागदावर हाताने रंगवली जात असे. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एकेक गाठभेट. तो भरला की धागा वर, रिकामा ठेवला की खाली, आणि त्यानुसार जकार्डची पंच कार्डे, म्हणजे छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे, कापली जात. मोर, हरीण, कमळ, कोयरी अशा आकृत्या या चौकोनांत बसवण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षे गेली. संगणकावर डिझाइन होऊ लागल्यावर ग्राफ रंगवणाऱ्यांची गरज उरली नाही. त्यांना अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात रंग जुळवण्याचे काम मिळाले, तेही पुढे पुढे निम्म्या पगारावर आले. नोकरी सोडण्याचा निर्णय धाडसाचा होता असे त्यांचे नातेवाईक सांगतात. माझ्या मते सोडण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, आणि हे त्यांनी स्वतः इतरांच्या आधी ओळखले, इतकेच.

चित्रकलेचे औपचारिक शिक्षण म्हणावे तर शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा, याखेरीज काही नव्हते. ग्राफच्या कामातून मात्र दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. पहिली म्हणजे रंगाची जुळणी : दिलेल्या नमुन्याशेजारी धरल्यावर फरक दिसणार नाही असा रंग ते काही मिनिटांत बनवू शकत. दुसरी म्हणजे तासन्‌तास एका जागी बसून काम करण्याची सवय, जी चाळिशीनंतर नव्याने लावून घेणे बहुतेकांना जमत नाही. याच कामाने एक खोडही लावली होती. ग्राफमध्ये प्रत्येक आकाराची कड स्वच्छ असावी लागते. अर्धवट भरलेला चौकोन असा प्रकारच तेथे नसतो. त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांतील बैल कात्रीने कापून पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखे दिसत. कड कोठे ठेवायची आणि कोठे विरू द्यायची, पोटाखालची सावली जमिनीच्या सावलीत कशी मिसळू द्यायची, हे उमगायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

तैलरंगच का, हा प्रश्न त्यांना वारंवार विचारला जातो. पोस्टर कलर त्यांच्या हातातला होता आणि ॲक्रिलिक लवकर वाळते. परंतु खिलार बैलाच्या अंगावरचा पांढरा रंग हा प्रत्यक्षात पांढरा नसतोच, आणि तो उतरवण्यासाठी ओल्या रंगात ओला रंग हळूहळू मिसळण्याची सवड लागते, ती तैलरंगात मिळते. उन्हात उभ्या असलेल्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवर आकाशाचा निळसर अंश असतो, पोटाखाली कडब्याचा आणि वाळलेल्या रानाचा पिवळसर उजेड खालून वर चढलेला असतो, आणि मान व खांद्याकडे, विशेषतः वळूमध्ये, करडा रंग काळपटाकडे झुकतो. पहिल्या वर्षी त्यांनी टायटॅनियम व्हाइट ट्यूबमधून काढून तसाच लावला आणि सावलीला त्यात काळा मिसळला. बैल चुना फासलेल्या भिंतीसारखा दिसू लागला. आता त्यांच्या पॅलेटवर यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रॉ अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांचीच ये-जा जास्त असते, आणि निव्वळ पांढरा रंग ते ओल्या नाकावरची चमक, शिंगांची धार आणि पाठीच्या कण्यावरची एखादी रेघ यांच्यासाठी राखून ठेवतात. पंढरपुरी म्हशीच्या काळ्या रंगाचेही तसेच आहे. नुसत्या काळ्या रंगाने कातडी मेल्यासारखी दिसते; अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून येणारा काळा रंग उजेडाप्रमाणे थंड वा उबदार करता येतो, आणि धुऊन तेल लावलेल्या म्हशीच्या पाठीवर जे आभाळ दिसते ते त्यातूनच साधते.

पहिली खरी ऑर्डर सांगोला तालुक्यातील एका बैलमालकाकडून आली. सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार खिलारसाठी प्रसिद्ध आहे; तेथे ते स्केचवही घेऊन जात असत आणि ओळख तिथेच झाली. काम पूर्ण झाल्यावर मालकांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवले, चार पावले मागे गेले, उकिडवे बसले आणि बराच वेळ पाहिल्यावर म्हणाले, "मास्तर, काम झ्याक केलंय, पण ह्यो आदत दिसतोय की ओ. आमचा जुळलाय." आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत असा खोंड, जुळलेला म्हणजे ज्याचे सगळे कायमचे दात आले आहेत असा पूर्ण वाढीचा बैल. चित्रात तोंड मिटलेले होते, दात दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही मालकांचे म्हणणे बरोबर होते. वशिंडाची भरणी कमी पडली होती, गळ्याखालची पोळी आखूड होती, आणि शिंगे मुळाशी जितकी जाड हवीत तितकी नव्हती. या तिन्हींची बेरीज अनुभवी डोळ्याने वय म्हणून वाचली होती.

या चुकीचे मूळ हाताच्या कौशल्यात नव्हते, हे शोधून काढायला काही काळ गेला. चित्र मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून केले होते आणि फोटो बैलाच्या तोंडापासून दीड-दोन हातांवरून काढला होता. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत डोके प्रमाणाबाहेर मोठे होते, धड मागे मागे लहान होत जाते आणि पुठ्ठे बसल्यासारखे दिसतात. वासराच्या शरीराचेही प्रमाण साधारण असेच असते, म्हणून बैल लहान वाटतो. त्यानंतर त्यांनी नियम केला : निदान पंधरा-वीस फुटांवर उभे राहायचे, झूम वापरायचा, आणि मोबाइल स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर न धरता बैलाच्या छातीच्या उंचीवर धरायचा. याशिवाय खांद्यापाशी उंची, छातीचा घेर आणि शिंगांची लांबी टेपने मोजून वहीत लिहायची. मालकाला ही मोजमापे आवडतात, कारण बैल घेताना त्यानेही हेच पाहिलेले असते.

येथे थोडे विषयांतर करतो. नेदरलँड्समधील द हेग येथील माउरित्सहाउस संग्रहालयात पाउलुस पॉटर या चित्रकाराचे १६४७ मधील बैलाचे प्रचंड मोठे चित्र आहे, जवळजवळ साडेतीन मीटर रुंद. तो बैल एका जनावराचा नसून वेगवेगळ्या वयांच्या जनावरांच्या निरीक्षणांतून जोडलेला आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे आपल्या चित्रकाराची चूक बऱ्याच मोठ्या घराण्यातली आहे. फरक एवढाच, की सांगोल्यात ती ओळखायला अभ्यासकांची वाट पाहावी लागली नाही. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकर्ती रोझा बोनर हिने तर घोड्यांच्या बाजारात मोकळेपणाने फिरता यावे म्हणून पुरुषी पोशाख वापरण्याचा पोलिसांचा परवाना काढला होता. जनावरांचे चित्र काढणाऱ्याला बाजार सुटत नाही, मग तो पॅरिसचा असो की सांगोल्याचा.

खिलारच्या बाबतीत मालक काय पाहतो, याची एक अलिखित यादीच चित्रकाराकडे आता तयार आहे. कपाळ लांबट आणि मधोमध खाच असलेले, शिंगे एकमेकांजवळून उगवणारी, आधी मागे जाऊन मग वर वळणारी आणि टोकाला धारदार, चेहऱ्यावरच्या करड्या छटा, कान लहान आणि टोकदार, खूर काळे, शेपूट बारीक आणि गोंडा काळा. बेंदूर या बैलांच्या सणासाठी शिंगे साळलेली, म्हणजे तासून गुळगुळीत केलेली, आहेत की नाहीत, टोकांना शेंब्या (धातूची टोपणे) घातल्या आहेत की नुसता हिंगूळ (लाल रंग) आहे, वेसण कोणत्या रंगाची आहे, हे विचारून घ्यावे लागते. झूल आणि घुंगरमाळा यांच्याविषयी मात्र चित्रकाराने हट्ट सोडलेला नाही. झूल घातली की बैलाचा निम्मा देह झाकला जातो, म्हणून ते ती टाळतात. फारच आग्रह झाला तर एका बाजूला ओढून वशिंड मोकळे ठेवतात. चादरीची नक्षी ज्याने आयुष्यभर काढली त्याला झुलीचा कंटाळा यावा, हे मला स्वाभाविक वाटते.

या व्यवसायाला बाजारपेठ मिळाली ती ज्या काळात मिळाली, त्याचाही विचार करायला हवा. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले. शर्यती सुरू झाल्यावर जातिवंत खोंडांना पुन्हा मागणी आली आणि जिंकलेल्या बैलाची प्रतिमा दिवाणखान्यात लावण्याची हौसही वाढली. दरम्यान २०२२ च्या उत्तरार्धात लम्पी त्वचारोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, आणि बाजार हेच ज्याचे दुकान होते त्या चित्रकाराचे काही महिने पूर्ण कोरडे गेले. त्या साथीत जनावरे दगावलेल्या घरांतून पुढे जुन्या फोटोंवरून चित्र काढून देण्याची विचारणा आली. ही कामे त्यांनी घेतली, परंतु त्यांचा दर इतरांपेक्षा कमी ठेवला. व्यवसाय म्हणून हे चूक होते, आणि ते चूक आहे हे त्यांना ठाऊक होते.

दराचा प्रश्न वेगळाच निघाला. बैलमालकांना प्रतिमेचा दर माहीत होता तो फ्लेक्सचा, आणि फ्लेक्स चौरस फुटावर विकला जातो. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असे : "फुटाला काय दर?" सुरुवातीला चित्रकार दुखावत आणि कलेचे मोल फुटावर ठरत नाही असे समजावू पाहत. त्यांच्या पत्नी, ज्या घरातूनच कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकतात व हिशेबाला पक्क्या आहेत, त्यांनी सुचवले, "अहो, विचारतायत तर सांगा की फुटावर. फक्त फूट महाग ठेवा." तेव्हापासून आकारावर दर, एकाहून अधिक जनावरे असतील तर प्रत्येकी जादा रक्कम आणि निम्मे पैसे आगाऊ, अशी पद्धत बसली. गॅलरीत चित्रे मांडणारे कितीतरी चित्रकारही चौरस इंचावर दर लावतात, हे त्यांना नंतर कळले. पूर्णवेळ होण्याचा निर्णयसुद्धा पत्नीच्या हिशेबाच्या वहीवरच झाला होता : भाकरी-चटणीच्या उत्पन्नातून किराणा, वीज आणि औषधे भागतात, भविष्य निर्वाह निधीच्या रकमेला दोन वर्षे हात लावायचा नाही, आणि त्या दोन वर्षांत चित्रांतून घराचा उरलेला खर्च निघाला नाही तर रंग जुळवण्याचे काम पुन्हा शोधायचे. ही मर्यादा पत्नीने घातली होती आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद तो आहे.

बैलमालकाच्या घाईचा आणि तेलाच्या स्वभावाचा मेळ घालणे हे सर्वांत कठीण ठरले. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू कडक होते. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड थराला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, आणि अखेरचे व्हार्निश साधारण सहा महिन्यांनी, रंग जाड असेल तर त्याहूनही उशिरा लावावे असा दंडक आहे. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवावे लागतात, नाहीतर पुढे भेगा पडतात. एकदा बेंदराच्या आधी चित्र हवेच असा तगादा लागल्यामुळे वशिंडावर जाड पांढरा रंग एकाच बैठकीत चढवला गेला. वर साय धरली, आत ओले राहिले, आणि काही आठवड्यांत त्या भागावर सुरकुत्या आल्या. मालकाची तक्रार रास्त होती आणि चित्र परत घेऊन तो भाग खरवडून पुन्हा रंगवावा लागला. आता खालचे थर ते रॉ अंबरसारख्या लवकर वाळणाऱ्या रंगांनी पातळ करतात, चित्र देताना फक्त रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा, हलका हात देतात, आणि अखेरच्या व्हार्निशसाठी सहा महिन्यांनी स्वतः घरी जातात. या दुसऱ्या भेटीत बहुधा शेजारच्या गोठ्यातील नवी ऑर्डर मिळते, हा अनपेक्षित लाभ.

कामाची खोली पत्र्याची आहे. सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको. टर्पेंटाइनच्या वाफेने डोके धरू लागल्यावर त्यांनी ब्रश तेलाने पुसून साबणाने धुण्याची पद्धत स्वीकारली आणि टर्पेंटाइन पहिल्या पातळ थरापुरते ठेवले. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतो, ही गोष्ट तैलरंगात नव्याने येणाऱ्यांना क्वचितच कोणी सांगते. त्यांच्याकडे त्यासाठी पाणी भरलेला झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. डोळ्यांची अडचण वयाची होती. वाचण्याच्या चष्म्यातून कॅनव्हास धूसर दिसे आणि दूरच्या चष्म्यातून पॅलेट. ईझल, म्हणजे चित्र टेकवण्याची घोडी, हाताच्या अंतरावर असते, तेवढ्याच अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतल्यावर मानेचे दुखणेही कमी झाले.

एक वाद कायद्याचा झाला, आणि तो टाळता आला असता. एका मालकासाठी केलेल्या बैलजोडीच्या चित्राचा फोटो चित्रकाराने कॅलेंडरवर छापला आणि ती कॅलेंडरे सोलापुरातील सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत विकायला ठेवली. मालक संतापले, बैलांना नजर लागते इथपासून आमच्या जोडीवर तुम्ही पैसे करता इथपर्यंत बोलणे गेले. चित्र आपण काढले म्हणजे छापण्याचा हक्कही आपलाच, असा चित्रकाराचा समज होता. परंतु १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा प्रथम प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याकडे जातो. उरलेली कॅलेंडरे मालकांच्या स्वाधीन करून प्रकरण मिटले. आता ऑर्डर घेतानाच एक पानाचा मराठी करारनामा होतो. त्यात आकार, मुदत, आगाऊ रक्कम आणि छपाईचा हक्क कोणाकडे राहील हे लिहिलेले असते. बहुतेक मालक हक्क देऊन टाकतात, फक्त बैलाचे नाव छापा असे सांगतात.

व्यवसाय स्थिरावला असला तरी चित्रकार पूर्ण समाधानी नाहीत. मालकाला बैल एका बाजूने, पूर्ण देह दिसेल असा, चारही पाय मोकळे आणि मान उंच असा हवा असतो. त्याच त्या उभ्या मुद्रेत वर्षानुवर्षे काम करताना आपण पुन्हा ग्राफच भरत आहोत, असे त्यांनी बोलून दाखवले आहे. त्यांना रवंथ करत बसलेली भाकड गाय, पावसात अंग चोरून उभी असलेली माडग्याळ जातीची मेंढरे, आणि ट्रॅक्टर आल्यावर दावणीला नुसताच बांधून राहिलेला म्हातारा बैल काढायचा असतो. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली नोंदवली गेली. अशा वेळी केवळ विजेत्यांची चित्रे मागे राहावीत, हे त्यांना पटत नाही. मला त्यांचे म्हणणे मान्य आहे, पण ही चित्रे सांगोल्यात विकली जात नाहीत, हेही तितकेच खरे आहे. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या घोड्यांना जे गिऱ्हाईक मिळाले ते पंढरपूरचे नव्हते; या भाकड गायीलाही ते पुण्या-मुंबईतच शोधावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी ओळखपाळख व प्रदर्शनाचा खर्च त्यांनी अजून अंगावर घेतलेला नाही.

तूर्त त्यांनी वर्षाची विभागणी केली आहे. बेंदराची कामे माघातच स्वीकारायची, म्हणजे वाळायला पुरेसा अवधी मिळतो. पंढरपूरजवळच्या वाखरीच्या कार्तिकी जनावरांच्या बाजारात आणि गड्डा यात्रेत नवी ओळख करायची. आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात, जेव्हा दमट हवेत रंग सावकाश वाळतो आणि कोणी तगादाही लावत नाही, तेव्हा फक्त स्वतःची चित्रे काढायची. पत्नीने या व्यवस्थेला मान्यता दिली आहे, मात्र त्या दोन महिन्यांत लागणाऱ्या कॅनव्हास आणि रंगांचा खर्च बेंदराच्या आगाऊ रकमेतून नव्हे, तर काम पोचवल्यानंतर आलेल्या पैशांतून करायचा, या अटीवर.